अक्काचा फॉर्म मी भरला

हे मी आजवर कोणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ तर नाहीच. आणि जिला सांगायला हवं होतं तिच्यासमोर बसून, तिच्या घरचा चहा पिऊन उठले, तरी नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. अनोळखी माणसापुढे तोंड जरा सैल सुटतं — हे मी माझ्या नोकरीत रोज बघते.

मी धुळ्यातल्या एका खासगी दवाखान्यात काम करते. आयसीयूच्या बाहेर काचेचं दार आहे, दाराशी माझं टेबल, टेबलावर नावाची पाटी. आत कोणाचं तरी माणूस असतं आणि बाहेर बाकांवर त्याचे लोक. शिरपूरचे, साक्रीचे, अमळनेरचे, कधी पार भडगावहून आलेले. त्यांना धीर देणं, डॉक्टरांचं म्हणणं सोपं करून सांगणं, आणि जे डॉक्टर सांगू शकत नाहीत ते ऐकायला त्यांना तयार करणं — हे माझं काम. लोक म्हणतात, मनीषाताई चांगलं करतात.

ते टेबल माझं नव्हतं. म्हणजे, माझं व्हायला नको होतं.

हे असं एकदम बोलले तर तुम्हाला वाटेल, काहीतरी मोठं कारस्थान असणार. तसलं काही नाही. एक फॉर्म होता, चार पानांचा. एका बाईच्या वतीने मी तो भरला. तिने जे सांगितलं तेच लिहिलं, एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही. यात चुकलं काय, असं मी स्वतःला कितीतरी वर्षं विचारत आले — आणि उत्तर माहीत असताना विचारत आले.

गेल्या महिन्यात आमच्या दवाखान्यात तोच फॉर्म पुन्हा आला. आता मोबाइलवर. ‘स्वतःला ओळखा’ असं वर लिहिलेलं, खाली एकेक विधान. कधीच नाही म्हणजे एक, नेहमीच म्हणजे पाच. समोरच्याच्या मनातलं मला न सांगता कळतं. संकटातून मी लवकर सावरते. राग आला तरी मी तो ओळखून बाजूला ठेवू शकते. भराभर भरत गेले, हातचा मळ झाला आहे आता. मग एक विधान आलं — मी माझ्या चुका उघडपणे मान्य करते. पहिल्यांदा जेव्हा हा फॉर्म भरला होता तेव्हा इथे मी चार लिहिले होते. पाच नाही, बरं का. पाच लिहिलं तर खोटं वाटतं, हे तेव्हाही मला कळत होतं. चार लिहिणारी बाई विचार करून लिहिते असं वाटतं.

या वेळी बोट तिथेच थांबलं. बाहेर बाकावर एक म्हातारा डबा उघडून जेवत होता, त्याच्याकडे बघत बसले थोडा वेळ. आणि मग पुन्हा चारच दाबलं. निकाल लगेच आला, हिरव्या रंगात: तुम्ही स्वतःला उत्तम ओळखता.

ओळखते ना. म्हणूनच तर हे लिहायला बसले.

तेव्हा मी केसपेपरच्या खिडकीवर होते. माहेर पाचोऱ्याचं, बी.कॉम. झालेली, लग्न होऊन धुळ्यात आलेली. खिडकीत दिवसभर नाव काय, वय काय, गाव कोणतं. माझी सासू शेजारणींना सांगायची, ‘आमची सून दवाखान्यात आहे,’ आणि शेजारणीने ‘नर्स का?’ विचारलं की मग गप्प व्हायची. ते गप्प होणं मला टोचायचं. आता हे कारण म्हणून सांगत नाही. फक्त असं होतं, एवढंच.

आणि वॉर्डात यमुनाअक्का होती. नरडाण्याकडच्या खेड्यातली, चौथी शिकलेली, नवरा लवकर गेलेला. बेडपॅन देणं, चादरी बदलणं, पेशंटला कुशीवर वळवणं — मावशींची जी कामं असतात ती. बाकीच्या सगळ्या मावशी, ही मात्र सगळ्यांची अक्का. डॉक्टरांचीसुद्धा. बोलायची शुद्ध अहिराणी. मलाही ती येते, माझ्या वडिलांची भाषा तीच. पण मी दवाखान्यात कधी बोलले नाही. ती अहिराणीत विचारायची, मी पुस्तकातल्या मराठीत उत्तर द्यायची. तिला त्याचं काही वाटत नसे. मला वाटायचं — की आपण एक पायरी वर उभ्या आहोत.

अक्काचं एक काम असं होतं, की जे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. आयसीयूबाहेर कोणी फार रडू लागलं की ती हातातलं टाकून तिकडे जायची आणि जमिनीवर त्या बाईच्या पायाशी बसायची. ‘रडू नका’ म्हणताना मी तिला कधी ऐकलं नाही. ‘सगळं ठीक होईल’ तर नाहीच नाही. ती त्या बाईचा हात आपल्या हातात घ्यायची आणि विचारायची, घरी म्हशीचं दूध कोण काढतंय आता? धाकट्याला कोणाकडे ठेवलं? तुम्ही सकाळपासून पाणी प्यायलात का? ऊर बडवून घेणारी बाई म्हशीचं सांगता सांगता शांत व्हायची. जुन्या धुळ्यातले एक विणकरचाचा होते, त्यांची बायको महिनाभर आत होती. ते कोणाशी बोलत नसत. अक्काने काय केलं, तर गॅलरीच्या टोकाला दोन बाकं सरकवून त्यांना नमाजापुरती जागा करून दिली, आणि त्या वेळेला तिथून कोणी ट्रॉली नेऊ लागलं तर हातानेच थांबवायची. ते तिला अक्काच म्हणायचे, तिच्याहून दहा वर्षांनी मोठे असून.

माझंही एक आहे. ते सांगितल्याशिवाय हे पुरं होणार नाही.

माझं पहिलं बाळ पाचव्या महिन्यात गेलं. याच दवाखान्यात, दुपारी. भेटायला आलेली प्रत्येक बाई म्हणत होती, वय आहे अजून, पुन्हा होईल. सासू म्हणाली, नवरा म्हणाला, माझी आईसुद्धा म्हणाली. अक्का ड्युटी संपवून आली, कॉटशेजारी खाली बसली, हात धरला.  मग म्हणाली, ‘काय नाव ठेवनार व्हतीस वं?’

हे मला कोणीही विचारलं नव्हतं. नाव ठरलेलं होतं — मी कोणाला सांगितलं नव्हतं इतकंच. मी ते तिला सांगितलं. तिने एकदा उच्चारलं, मान हलवली, आणि पुढे कधी त्याचा विषय काढला नाही. मी त्या दिवसानंतर उठून बसले. म्हणजे तिनेच बसवलं.

आता कळलं तुम्हाला, मी कोणाशी काय केलं ते? अजून नाही. सांगते.

त्या प्रसंगानंतर दोनेक वर्षांनी मोठ्या सरांनी — दवाखाना त्यांचा — पुण्याहून एका प्रशिक्षणाच्या मॅडम बोलावल्या. तरुण, हसऱ्या, मनापासून काम करणाऱ्या. भावनिक बुद्धिमत्ता आणि खंबीरपणा असा विषय होता. डॉक्टरांपासून मावशींपर्यंत सगळ्यांनी आधी स्वतःची चाचणी स्वतः करायची, मग मॅडम प्रत्येकाबद्दल अहवाल देणार. मावशींना चार पानांचा छापील फॉर्म भरणं जमणार नाही म्हणून सरांनी मला बोलावलं. ‘तू विचार, त्या सांगतील ते लिही.’ आणि मी फॉर्मचा गठ्ठा उचलून निघाले तेव्हा सहज बोलल्यासारखे म्हणाले, आयसीयूबाहेर एक टेबल टाकायचं आहे, नातेवाइकांसाठी. आपल्यातलंच माणूस हवं. मला तर अक्काच दिसते तिथे. बघू, मॅडमचा अहवाल काय येतो.

एवढं बोलून ते राउंडला गेले. मी गठ्ठा घेऊन तिथेच उभी राहिले. अक्काला टेबल? लिहिता धड येत नाही, बोलते अशी — असं मनात आलं माझ्या. खरं तर त्या टेबलावर लिहायचं काहीच नव्हतं, आजही नसतं. पण मला ते टेबल त्याच क्षणी दिसलं, आणि त्यावर बसलेली मी दिसले.

बारा मावशी होत्या. चादरींच्या खोलीत बसून मी एकेकीला बोलावलं. तुम्ही आमच्याकडच्या असाल तर पुढे काय झालं असेल ते तुम्ही ओळखाल. आमच्याकडे बाईमाणूस स्वतःला चांगलं म्हणत नाही. पहाटे उठून कळण्याच्या भाकरी, भरीत, ठेचा, सगळं रांधलं तरी पाहुण्याला म्हणणार, काही केलं नाही हो, गोड मानून घ्या. पापडांचं कौतुक केलं तर, कसले, जळाले सगळे. आपल्याच हाताने आपली आरती कोण ओवाळतं? त्यामुळे झालं असं, की मी विचारावं, ‘तुम्हाला दुसऱ्याचं दुःख कळतं का? एक ते पाच सांगा,’ आणि समोरचीने पदर तोंडाला लावून म्हणावं, ‘आम्हाले काय कळस, ताई. लिखा एक.’ सगळ्या एक आणि दोन. एक मावशी तर म्हणाली, ‘शून्य नही का त्याम्हा?’

मॅडम पुण्याच्या. त्यांना यातलं काय कळणार? त्यांना तो आकडा खराच वाटणार. हे मला पहिल्या फॉर्मलाच उमगलं. म्हणून मी काय करू लागले, तर उलटून विचारू लागले. ‘अहो, परवा त्या पोराला इंजेक्शन देताना तुम्हीच नाही का गाणं म्हटलं? मग एक कसं? चार लिहिते.’ मावशी लाजायच्या, ‘तुमले जे वाटी ते लिखा’ म्हणायच्या, आणि मी चार लिहायची. अकरा फॉर्म मी असे भरले. अकराच्या अकरा जणींचे आकडे वर नेले. त्यांना न्याय दिला म्हणा. मला स्वतःचा अभिमानही वाटला होता त्या वेळी — आपल्या माणसांची रीत आपल्याला कळते म्हणून.

अक्का शेवटी आली.

मी विचारलं, समोरच्याच्या मनातलं न सांगता कळतं का? अक्का हसली. ‘मी कसानी शहानी वं? लिख दोन.’ मी दोन लिहिले.

कोणी दुःखात असेल तर त्याला शांत करता येतं का? यावर ती एकदम गंभीर झाली. तिची एक समजूत होती. डॉक्टरांच्या हाताला जसं यश असतं तसं कुणाकुणाच्या हाताला असतं, पण ते ज्याचं त्याने बोलून दाखवायचं नसतं. ‘हातनं यश तोंडवर उनं का गयं समज,’ ती म्हणाली, म्हणजे तोंडावर आलं की गेलंच. ‘एक लिख. एकच लिख.’ म्हणजे तिला माहीत होतं — आपल्या हातात काय आहे ते तिला पुरतं माहीत होतं, आणि ते राहावं म्हणून ती नाही म्हणत होती. हे मला तिथल्या तिथे समजलं. मी एक लिहिला.

दुःखद प्रसंगातून मी लवकर बाहेर येते? ‘नही वं माय. पेशंट गया का दोन दिन घास उतरत नही माले.’ एक.

चाळीस विधानं होती. चाळीस वेळा मला पेन थांबवता आलं असतं. अक्का, माझ्या वेळी तुम्ही काय केलंत ते आठवा, असं एकदा म्हटलं असतं तरी पुरे होतं. मी म्हटलं नाही. विचारलं, ऐकलं, लिहिलं. शेवटी तिने अंगठ्याऐवजी सही केली, जोडाक्षरावर अडखळत, आणि मला म्हणाली, कंटाळली असशील दिवसभर, थांब, चहा सांगते.

माझा स्वतःचा फॉर्म मी घरी जाऊन भरला. चार, चार, पाच, चार, तीन. एक तीन मुद्दाम टाकला, शोभेला.

अजूनही तुम्ही म्हणू शकता, लिहिलं ते खरंच लिहिलं. पण पुढे ऐका.

मॅडमचा अहवाल आला. अक्काच्या नावापुढे काळजीने लिहिलेलं होतं — ताण सहन करण्याची क्षमता फार कमी, रुग्णांच्या मृत्यूचा खोल परिणाम होतो, त्यांच्याच भल्यासाठी वॉर्डपासून लांबचं, शांत काम द्यावं. सर चक्रावले. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मला चांगलं आठवतं, त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, ‘मनीषा, फॉर्म तू भरलास ना? अक्काला खरंच इतकं लागतं?’

हा माणूस मला विचारत होता. दार उघडून देत होता. मी म्हटलं, ‘हो सर. कोणी गेलं की दोन दोन दिवस जेवत नाहीत त्या.’

खोटं होतं का हे? शब्दाने नव्हतं. आजही कोणी शपथ घालून विचारलं तरी मी तेच वाक्य बोलू शकते. पण जेवत नसलेली ती बाई तिसऱ्या दिवशी पुन्हा कोणाच्या तरी पायाशी जाऊन बसलेली असायची — हे मी सांगितलं नाही. मला तेव्हा कळलं, की खोटं न बोलताही माणसाला बुडवता येतं, आणि मला ते जमतं. त्या प्रशिक्षणातून स्वतःबद्दल काही सापडलं असेल तर ते हे.

अक्काला मागच्या इमारतीत धुलाईच्या खोलीत पाठवलं. चादरी, गाऊन मोजून घ्यायचे, घड्या घालायच्या. मला टेबल मिळालं, पाटी मिळाली. सासूने शेजारणींना सांगितलं, ‘आमच्या सुनेच्या नावाची पाटी आहे.’

चार दिवसांनी अक्का माझ्याकडे आली. टेबलासमोरच्या खुर्चीवर बसली नाही, उभीच. रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं, मी काहीतरी उलट बोलले असते. ती म्हणाली, ‘मनीषा, तू वरला लोकेसमा बसस. मन्हं काय चुकनं ते तरी इचारी दे.’

मी म्हटलं, वरून आलंय अक्का, आम्हाला थोडंच सांगतात.

तिने विचारलं, ‘कोनी तक्रार करी का मन्ही?’

इथे — हे बघा, इथे मला ‘नाही’ म्हणायचं होतं. तक्रार कोणीच केली नव्हती. एवढ्या वर्षांत तिच्याबद्दल एक कागद आलेला नव्हता. ‘नाही’ म्हटलं असतं तर तिने विचारलं असतं, मग का? आणि मग फॉर्म निघाला असता.

मी म्हटलं, ‘असेल.’

एवढा एकच शब्द. अक्काने मान हलवली, ‘व्हई’ — असेल — म्हणाली, आणि निघून गेली. त्यानंतर ती पुढच्या दाराने कधी आली नाही. मागच्या जिन्याने यायची, मागच्या जिन्याने जायची. कोण्या पेशंटच्या माणसाला आपण नकोशा झालो होतो, तो कोण हे माहीत नाही, तेव्हा कोणालाच तोंड दाखवायला नको — असं तिने धरलं. आम्हा दोघींत एक इमारत होती फक्त. सलग तीन वर्षं. ईदनंतर ते विणकरचाचा शीरखुर्म्याचा डबा घेऊन यायचे, बायको बरी होऊन घरी गेली तेव्हापासूनचा त्यांचा नेम. ‘अक्का कुठे?’ म्हणायचे. मी सांगायचे, त्यांची बदली झाली, डबा पोचवते. डबा मी खरंच पाठवायची. ते काय म्हणाले, किती वेळ थांबून गेले, हे मात्र मी कधी कळवलं नाही. कळवलं असतं तर तिला वाटलं असतं, सगळेच काही आपल्यावर नाराज नाहीत. मला ते नको होतं का? माहीत नाही. पाठवला नाही निरोप, हे खरं.

आणि माझं काम? ते मी अक्कासारखंच करते. म्हशीचं दूध कोण काढतंय ते विचारते. पाणी प्यायलात का विचारते. मुलं गेलेल्या आयांना नाव विचारते. सगळं तिचं आहे, शब्दासकट, आणि ते चालतं. नव्या मुलींना मी शिकवते तेव्हा त्या वहीत लिहून घेतात आणि म्हणतात, ताई, तुम्हाला हे सुचतं कसं? पहिल्यांदा कोणी असं विचारलं तेव्हा मी म्हणाले, अनुभवाने.

अक्का रिटायर होऊन गावी गेली. मी वर्षं मोजली नाहीत. मनात यायची ती, पण रोज नाही. माणूस सगळं अंगवळणी पाडून घेतो.

या उन्हाळ्यात नरडाण्याजवळ एका लग्नाला गेले होते. जेवणं चालू असताना वाढणाऱ्या बाईने विचारलं, तुम्ही त्या धुळ्याच्या दवाखान्यातल्या ना? आमच्या यमुनाअक्काला कळलंय तुम्ही आलात ते, बोलावलंय. दोन गल्ल्या पलीकडे घर होतं. नाही कसं म्हणणार? गेले.

अक्का वाळली आहे, पण ठणठणीत आहे. मला बघून तिला इतका आनंद झाला की खाट झटक, पंखा लाव, साखर आण — घरच्यांना नुसती धावपळ करायला लावली. माझा मुलगा कितवीला आहे हे तिला माहीत होतं. माझं टेबल अजून आहे ना, हेही विचारलं, आणि ‘मनीषाना जीव लागस लोकेसले’ असं सुनेला सांगितलं. मी खाटेवर बसले होते आणि ती माझी आरती ओवाळत होती.

मग तिने आतून नातीला हाक मारली. प्रतीक्षा. लाजरी, उंच पोरगी, बारावी झालेली. जळगावला नर्सिंगला नंबर लागला होता तिचा. अक्काला त्याचा केवढा अभिमान. आमच्या घरात पांढरे कपडे घालणारी पहिली, म्हणाली. पोरगी माझ्या पाया पडली आणि अक्काच्या शेजारी खाली बसली, आणि बसता बसता तिने आजीचा हात आपल्या मांडीवर घेतला. कोणी शिकवलं नव्हतं. रक्तातच आलेलं.

अक्काने तिला माझ्यादेखत समजावलं. बहुतेक रोजच समजावत असावी, कारण पोरगी पाठ असल्यासारखी मान डोलवत होती. ‘पेशंटना फार जवळ बसू नको. कोनाना हात धरू नको. लोकेसले आवडत नही. मी धरत व्हती, म्हनीसन मन्ही तक्रार व्हयनी, माले काढी टाकं तठून. हात मांगे बांधीसन उभं ऱ्हावानं, काम करानं, निंघी येवानं.’ आणि माझ्याकडे वळून म्हणाली, ‘इचार या ताईले. तिले बठ्ठं माहीत शे.’

पोरीने माझ्याकडे बघितलं. खरंच विचारत होती ती. तिला वाटत असावं, मी म्हणेन, नाही गं, असं काही नसतं. तिचे डोळे तसे होते — हे ओळखणं माझं कामच आहे.

चहाचा कप माझ्या हातात होता. अक्का समोर होती. फॉर्म कुठे गेला असेल कोणास ठाऊक, मोठे सर आता दवाखान्यात येत नाहीत, टेबल कोणी काढून घेणार नव्हतं. काहीही जाणार नव्हतं माझं. फक्त अक्काने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं होतं, ती नजर गेली असती.

मी मान हलवली. हो, म्हणाले. आजी सांगते ते बरोबर आहे.

अक्काला समाधान वाटलं. तिने नातीच्या मांडीवरचा आपला हात काढून घेतला.

प्रतीक्षाचं पहिलं वर्ष आता चालू आहे. वॉर्डातली ड्युटी लागली असेल. धुळ्याहून जळगाव काही लांब नाही, आणि नरडाणा तर तासाभराचंही नाही. मी दोन्हीकडे गेलेले नाही. तिथे कोणी पेशंट रडत असेल, आणि ती पोरगी दोन हात मागे बांधून कॉटपासून लांब उभी असेल.